पॉड मशीनमधून कडक कॉफी कशी काढायची? खेड्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईला नाहीतर परदेशात नोकरीला असलेली मुलं दिवाळीला घरी येताना हल्ली कॉफीची मशीन घेऊन येतात. पॉड, म्हणजे कॉफीची पूड भरलेली छोटी बंद डबी (हिलाच कॅप्सूलही म्हणतात), टाकायचा, बटण दाबायचं, कप भरतो. सुट्टी संपली की मुलं जातात, मशीन ओट्यावर राहते. मग आठवडाभरात फोन सुरू होतात, की इथे ती चव येत नाही, कॉफी फिकीच लागते. मी अमरावती जिल्ह्यात, दर्यापूर तालुक्यात राहतो. इथलं पाणी, इथली लाइन आणि इथलं म्हशीचं दूध या तिन्ही गोष्टी मशीनसोबतच्या पुस्तिकेत कुठेच नसतात. नातेवाइकांकडून आणि गावातून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

मोठं बटण दाबून कप भरून घेतो, तरी कॉफी पाण्यासारखी का लागते?

कप भरून घेता म्हणूनच. पॉडमध्ये कॉफी किती आहे हे आधी पाहा. नेस्प्रेसो ओरिजिनल जातीच्या छोट्या कॅप्सूलमध्ये साधारण साडेपाच ते सहा ग्रॅम पूड असते. नीट उतरलेल्या कॉफीत पुडीचा सुमारे पाचवा हिस्सा पाण्यात विरघळतो, बाकी चोथा राहतो. म्हणजे सहा ग्रॅममधून जेमतेम सव्वा ग्रॅम अर्क मिळतो. बटण कोणतंही दाबा, हा सव्वा ग्रॅम फारसा वाढत नाही.

आता तोच अर्क 40 मिली पाण्यात उतरला तर कॉफी सुमारे 3 टक्के दाट होते. 110 मिली पाण्यात उतरला तर 1 टक्क्याच्या थोडी वर. कॉफी हाऊसमधल्या खऱ्या एस्प्रेसोत हेच प्रमाण 8 ते 12 टक्के असतं, कारण तिथे दोन घोटांसाठी 18 ग्रॅमच्या आसपास पूड वापरतात. पॉडची मशीन तिथवर कधीच पोचणार नाही, हे मनाशी पक्कं केलेलं बरं. पण 1 टक्क्यावरून 3 किंवा 4 टक्क्यांवर आणणं पूर्णपणे आपल्या हातात आहे. त्यासाठी कमी पाण्याचं बटण दाबायचं, एवढंच. ज्या मशीनला दोन बटणं आहेत तिच्यावर लहान कपाचं, तीन असतील तर सगळ्यात लहान, म्हणजे रिस्ट्रेटोचं, जे 25 मिलीवर थांबतं.

जास्त पाणी गेल्याने आणखी एक गोष्ट बिघडते. पहिल्या 25-30 मिलीत सुगंध, गोडवा आणि अंगभूत दाटपणा उतरून जातो. त्यानंतर पुडीतून जे निघतं ते बहुतेक कडवट आणि तुरट असतं. म्हणून मोठ्या बटणाची कॉफी फिकी असूनही कडू लागते. बरेच जण कडूपणालाच कडकपणा समजतात आणि आणखी पाणी सोडतात.

पण लहान बटणावर दोनच घोट येतात. कपभर हवी असेल तर?

दोन पॉड, दोन्ही लहान बटणावर, एकाच कपात. दुसरा इलाज नाही. दोन पॉडचे मिळून 50 ते 80 मिली होतात, त्यात हवं तर वरून थोडं गरम पाणी घाला. मशीनमधून पॉडमार्गे जास्त पाणी सोडण्यापेक्षा नंतर वरून घातलेलं पाणी केव्हाही बरं, कारण त्यात तो शेवटचा कडवटपणा येत नाही.

वापरलेला पॉड पुन्हा चालवला तर? एवढा महाग पॉड एकदाच वापरून टाकवत नाही.

टाकवत नाही हे खरं आहे, तरी चालवू नका. दुसऱ्या फेरीत फक्त तुरट, काळपट पाणी येतं आणि पहिल्या फेरीची चांगली कॉफीही त्याने बिघडते. चोथ्याचा उपयोग शेवटच्या प्रश्नात सांगितला आहे.

बटण किती पाणी सोडतं ते आपल्याला बदलता येतं का?

येतं, आणि माझ्या मते मशीन घरी आल्यावर पहिलं काम हेच करायला हवं. नेस्प्रेसो ओरिजिनल जातीच्या मशिनींत पॉड टाकून बटण दाबून धरायचं, सोडायचं नाही. कपात हवी तेवढी कॉफी उतरली की बोट काढायचं. दिवे लुकलुकतात आणि तेवढंच माप लक्षात राहतं. पुढच्या वेळी बटण नुसतं दाबलं तरी तेवढ्यावर थांबतं. हे माप बसवताना घरातल्या लहान मुलाच्या औषधाची खुणा असलेली वाटी किंवा दुधाची बाटली घ्या, 30 मिलीची खूण पाहा आणि तिथे सोडा. डोळ्यांनी अंदाज घेतला तर वरच्या फेसामुळे नेहमीच चुकतो.

माप बदलायचं नसेल तर कॉफी उतरत असताना तेच बटण पुन्हा एकदा दाबा, मशीन तिथेच थांबते.

नेस्प्रेसोचीच व्हर्चुओ जातीची मशीन वेगळी असते. ती कॅप्सूलच्या कडेवरचा बारकोड वाचते, कॅप्सूल गरगर फिरवते आणि पाणी किती सोडायचं हे बारकोडवरून ठरवते. तिथे कडक हवी असेल तर लहान कपाची कॅप्सूलच विकत घ्यायची, किंवा मधेच बटण दाबून थांबवायचं. डोल्चे गुस्तोच्या काही मशिनींवर आडव्या रेघांची खूण असते, ती दोन रेघा खाली घ्या. काहींना दांडा असतो, तो तुम्ही स्वतः मागे ओढाल तेव्हाच पाणी थांबतं. कडक कॉफीसाठी मला ती दांड्याची मशीन आवडते, कारण नजर कपावर ठेवता येते.

मुलाने अमेरिकेहून केउरिग आणली आहे. तिच्यात मोठे पॉड लागतात. तिचं काय?

सर्वात आधी प्लगकडे पाहा. अमेरिकेतली मशीन 120 व्होल्टची असते. नुसता प्लग बदलणारा ॲडॉप्टर लावून आपल्या 230 व्होल्टवर दिली तर ती जळते. मशीनखाली वॅट लिहिलेले असतात, बहुतेक 1500 च्या आसपास. तिला 2000 व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. तालुक्याच्या दुकानात तो क्वचित मिळतो, अमरावती-नागपूरला मिळतो.

कडकपणाचं सांगायचं तर, के-कपमध्ये, म्हणजे केउरिगच्या पॉडमध्ये, साधारण 9 ते 12 ग्रॅम पूड असते. पण मशीन कमी दाबावर चालते, त्यामुळे एस्प्रेसोसारखी दाट कॉफी तिच्यातून येत नाही. 6 औंसाचं, म्हणजे सुमारे 180 मिलीचं बटण दाबा. 10 किंवा 12 औंसाचं कधीच नको. काही मॉडेलांवर ‘स्ट्राँग’ असं बटण असतं. ते दाबलं की पाणी हळूहळू येतं, पुडीशी जास्त वेळ राहतं आणि चवीत फरक पडतो. हे बटण असलेली मशीन असूनही ते कधीच न दाबणारी बरीच घरं आहेत.

पॉड इथे सहज मिळत नाहीत, हेही मुलाला सांगून ठेवा. नाहीतर भरता येणारा पॉड आणायला सांगा.

डब्यावरचा आकडा मोठा, म्हणजे कॅफिन जास्त का?

नाही. 8, 10, 12 असे जे आकडे छापतात ते भाजणी, कडवटपणा आणि दाटपणा यांचा कंपनीने लावलेला अंदाज असतो. कॅफिन मुख्यतः बियांच्या जातीवर ठरतं. रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं. डब्यावर ‘100 टक्के अरेबिका’ लिहिलेलं असेल आणि आकडा 12 असेल, तर ती काळी भाजलेली, कडवट कॉफी आहे, पण झोप उडवण्यात ती रोबस्टा मिसळलेल्या 9 आकड्याच्या मागे राहू शकते.

दुधातून कॉफी पिणाऱ्याने रोबस्टाचा अंश असलेला पॉड घ्यावा. भारतात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाच जास्त असते, कर्नाटकातली कोडगूची रोबस्टा दुधात चांगली उभी राहते. निव्वळ अरेबिकाची नाजूक, आंबटगोड चव आपल्या दाट दुधात हरवून जाते, आणि तिचे पैसेही जास्त पडतात.

रात्री ओलिताला जायचं असतं. दोन पॉड एकदम घेतले तर चालेल का?

शेतीची लाइन रात्री येते, पंप सुरू करायला बाराला जायचं आणि बारे बदलत पहाटेपर्यंत जागायचं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. एका छोट्या कॅप्सूलमध्ये 60 मिलीग्रॅमच्या आसपास कॅफिन असतं, म्हणजे दोनांत 120. तब्येत धड असलेल्या मोठ्या माणसाला ते एका वेळी चालतं. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, 2024 च्या आहारविषयक मार्गदर्शनात दिवसाचं कॅफिन 300 मिलीग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलं आहे. पण त्यात दिवसभराचा चहाही धरावा लागतो, आणि एका कप चहात 30 ते 65 मिलीग्रॅम जातं. दिवसात चार-पाच चहा झालेल्याने रात्री एकच पॉड घ्यावा.

कॉफी घेतल्यावर पुरता असर यायला अर्धा-पाऊण तास लागतो. बांधावर पोचून डोळे मिटायला लागल्यावर घेण्यापेक्षा घरून निघताना घ्या. आणि अंगातलं निम्मं कॅफिन निघून जायला पाचेक तास लागतात, तेव्हा पहाटे चारला घेतलेली कॉफी सकाळची झोप खाते. बीपीची गोळी चालू असेल, छातीत धडधड होत असेल किंवा घरात कोणी गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवा.

याच मार्गदर्शनात आणखी एक गोष्ट आहे, ती घरातल्या बायांसाठी मला फार महत्त्वाची वाटते. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको, कारण त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. रक्त कमी असलेल्या बाईने जेवण झाल्याबरोबर कडक कॉफी घेतली, की लोहाच्या गोळ्यांवरही पाणी फिरतं.

दुधात घातली की कॉफी गायबच होते. किती दूध घ्यायचं?

एका लहान पॉडला 60 मिली दूध. एवढंच. आपण सवयीने कपभर, म्हणजे दीडशे मिली दूध घेतो आणि एका पॉडकडून त्याला रंग चढवण्याची अपेक्षा करतो. दीडशे मिली हवंच असेल तर दोन रिस्ट्रेटो.

म्हशीच्या दुधात 6-7 टक्के स्निग्धांश असतो आणि तो कॉफीची चव जिभेवर पोचू देत नाही. साय काढून घ्या. तापवून गार करून साय काढलेलं दूध पुन्हा गरम केलं की पुरे, त्यात पाणी मिसळायची गरज नाही. दूध उकळतं घालू नका, वाफ निघायला लागली की उतरवा. खूप उकळलेल्या दुधाला जो बासुंदीसारखा वास येतो, तो कॉफीचा वास दाबतो. दूध टाकीत तर चुकूनही घालायचं नाही, टाकी फक्त पाण्याची.

गूळ घालत असाल तर कॉफी कपात आल्यावर, शेवटी घाला. दुधासोबत गूळ उकळला तर दूध फाटायची शक्यता असते.

मशीनमध्ये कोणतं पाणी घालायचं? बोअरचं चालेल का?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण आपल्या भागात कॉफी बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. कपातल्या कॉफीत 97 टक्के तर पाणीच असतं.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला आमचा खारपाण पट्टा, म्हणजे अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतला मोठा भाग. इथल्या जमिनीखालचं पाणी खारट आहे. ते मशीनमध्ये घातलं तर कॉफी आधीच खारवट उतरते, मग कितीही पॉड टाका. पट्ट्याबाहेर बऱ्याच ठिकाणी पाणी खारट नसलं तरी जड असतं, भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरतं. तोच थर मशीनच्या आत हीटरच्या नळीत बसतो, पाणी पुरेसं तापत नाही, धार बारीक होते. 90 ते 96 अंश तापलेलं पाणी पुडीतून जायला हवं, ते 80-85 वर आलं की अर्क अर्धवट निघतो आणि कॉफी आंबट-फिकी लागते. म्हणजे सहा महिन्यांपूर्वी चांगली कॉफी देणारी मशीन आता फिकी देते, त्याचं कारण पॉडमध्ये शोधू नका, नळीत शोधा.

टीडीएस, म्हणजे एका लिटर पाण्यात विरघळलेले क्षार किती मिलीग्रॅम आहेत, ते मोजायचं पेनासारखं मीटर फार महाग नसतं, गावात दोन-चार घरांत मिळून एक घेतलं तरी चालतं. कॉफीसाठी 75 ते 250 मधलं पाणी चांगलं, 150 च्या जवळपास उत्तम. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात 500 ची पसंतीची मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात, त्यामुळे ‘पिण्याचं पाणी आहे’ म्हणजे ते कॉफीला चांगलं आहे असं होत नाही.

आरओचं पाणी घालत असाल तर ते किती खाली आणलं आहे ते बघा. 20-30 टीडीएसच्या पाण्यात कॉफी बोथट आणि आंबटसर लागते, कारण चव ओढून घ्यायला पाण्यात थोडे क्षार लागतात. पट्ट्याबाहेर राहत असाल आणि विहिरीचं पाणी गोडं असेल, तर आरओच्या तीन भागांत एक भाग ते उकळून गाळलेलं मिसळा आणि मीटर लावून पाहा. खारपाण पट्ट्यात मात्र बोअरचं मिसळू नका, तिथे योजनेच्या नळाचं पाणी आलं की तेच वापरा. आठवड्याला एखादा दिवस जरी पाणी येत असलं, तरी मशीनपुरतं एक कळशी भरून ठेवणं जमतं.

यवतमाळ, चंद्रपूरकडे काही बोअरमध्ये फ्लोराइड जास्त आहे. उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यावर त्याचं प्रमाण वाढतं. ग्रामपंचायतीने ‘पिण्यास अयोग्य’ लिहिलेल्या बोअरचं पाणी कॉफीलाही नको.

आतला थर काढायचा कसा?

किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं, म्हणजे सायट्रिक ॲसिड. एक लिटर कोमट पाण्यात 15 ते 20 ग्रॅम, साधारण सपाट दीड मोठा चमचा, पूर्ण विरघळवून टाकीत घाला. मशीनमध्ये पॉड नको. अर्धं पाणी बाहेर काढा, वीस मिनिटं थांबा, उरलेलं काढा. नंतर दोन टाक्या साधं पाणी फिरवा. पहिलं पाणी गढूळ येतं, त्यात पांढऱ्या कपच्या दिसतात, तेव्हा समजा काम झालं. व्हिनेगर वापरू नका, त्याचा वास आठवडाभर जात नाही आणि रबराची वॉशर खराब होतात. मशीन वॉरंटीत असेल तर कंपनीने सांगितलेलंच औषध वापरा.

जड पाण्यावर दीड-दोन महिन्यांनी हे करावंच. आरओच्या पाण्यावर चार-सहा महिन्यांनी.

धार तरीही बारीक असेल तर पॉडला भोक पाडणारी सुई पाहा. प्लग काढून, सरळ केलेल्या टाचणीने किंवा कागदाच्या क्लिपने ती साफ करता येते. टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली असेल तर पंपात हवा अडकते, मशीन घरघर करते आणि पाणी येत नाही. टाकी काठोकाठ भरून पॉडशिवाय दोन-तीनदा चालवली की सुटते.

उन्हाळ्यात संध्याकाळी कॉफी फिकी येते, सकाळी ठीक येते. असं काहून?

व्होल्टेज. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी गावातले सगळे कूलर एकदम सुरू होतात, डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, भार येतो आणि घरात 230 च्या जागी 180 व्होल्ट मिळतात. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते, म्हणजे 180 वर ती सुमारे 61 टक्केच उरते. दिवा स्थिर झाला म्हणून आपण बटण दाबतो, पण कॉफी उतरता उतरता आत आलेलं नवं पाणी तापवायला हीटर पुरा पडत नाही. पंपाचा दाबही पडतो.

उपाय असा: दिवा स्थिर झाल्यावर आणखी दोन-तीन मिनिटं थांबा, पॉड न टाकता एकदा गरम पाणी कपात काढून टाका आणि लगेच पॉड लावा. मशीनही तापते, कपही तापतो. कायमचं करायचं तर 2 केव्हीएचा स्टॅबिलायझर. फ्रिजला लावलेल्या छोट्या स्टॅबिलायझरवर मशीन देऊ नका.

लाइन गेल्यावर इन्व्हर्टरवर चालते का?

पंखे-दिव्यांच्या इन्व्हर्टरवर नाही. मशीन 1200 ते 1500 वॅट घेते, घरचा 900 व्हीएचा इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो. 3 किलोवॅटचा सोलर इन्व्हर्टर असेल तर चालते.

गावात पॉड मिळत नाहीत. भरून वापरायचे स्टीलचे पॉड चांगले का?

खेड्यात राहणाऱ्यासाठी मी तर म्हणेन हाच खरा मार्ग आहे. कुरिअर तालुक्यापर्यंत येतं, गावात येत नाही. नागपूरहून कोणी आलं तरच डबा मिळतो, तो संपला की मशीनवर फडकं. स्टीलचा पॉड एकदा घेतला की ओल्या-सुक्या दिवसांत अडत नाही, आणि कडकपणाही आपल्या हाती येतो, कारण पूड कोणती आणि किती हे आपण ठरवतो.

पूड बारीक हवी, बारीक रव्यापेक्षाही थोडी बारीक, पण पिठासारखी नको. पीठ झालं तर पाणी अडतं, कडेने गळतं. नेस्प्रेसोच्या मापाच्या पॉडमध्ये पाच-साडेपाच ग्रॅम मावते. काठापर्यंत भरा, चमच्याच्या पाठीने हलकंच दाबा, काठावर सांडलेली पूड बोटाने पुसून काढा आणि मगच झाकण लावा. काठावर चार कण राहिले तरी झाकण नीट बसत नाही आणि पाणी पुडीतून जायच्या ऐवजी बाजूने पळतं. धार कपात 20-25 सेकंद चालायला हवी. दहा सेकंदांत कप भरला तर पूड जाड आहे किंवा कमी आहे.

घरच्या मिक्सरवर दळत असाल तर सलग फिरवू नका, थांबून थांबून फिरवा आणि मधे भांडं हलवा. मग चहाच्या गाळणीने जाड भरड वेगळी काढा.

चिकोरी, म्हणजे एका झाडाच्या मुळाची भाजलेली पूड, मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड चालते, पण विचार करून. चिकोरी पाणी धरून ठेवते, त्यामुळे धार मंदावते. रंग काळा येतो, चव दाट लागते, पण चिकोरीत कॅफिन नसतं. भारतात अशा मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के असावी असा नियम आहे, म्हणजे पाकीट बघून घेतलं नाही तर जवळपास निम्मी चिकोरी पदरात पडू शकते. पॉडसाठी 80 टक्के कॉफी आणि 20 टक्के चिकोरी याच्या पुढे जाऊ नये.

आपल्याच जिल्ह्यात, मेळघाटातल्या चिखलदऱ्याला कॉफी पिकते हे वऱ्हाडातल्या किती जणांना माहीत आहे! अकराशे मीटरच्या आसपासची उंची, पाऊस आणि झाडांची सावली, यामुळे ते जमतं. इंग्रजांच्या काळात तिथे लावलेली कॉफी अजूनही टिकून आहे. पावसाळ्यात भीमकुंड आणि गाविलगड पाहायला गेलात तर तिथल्या दुकानातून पाव किलो आणा. पूड न घेता भाजलेल्या बिया मिळाल्या तर त्याच घ्या आणि लागतील तशा दळा.

साधी विरघळणारी कॉफी पॉडमध्ये भरली तर?

नाही. ती आतच विरघळून चिकट होते, सुई बुजते. कपात उतरलेल्या कॉफीत अर्धा छोटा चमचा ढवळून घातली तर चालते. सुगंध पॉडचा, जोर विरघळणाऱ्या कॉफीचा. घाईच्या सकाळी मी हे बिनदिक्कत सुचवतो.

उन्हाळ्यात पॉड कुठे ठेवायचे? आणि थंड कॉफी कडक कशी होईल?

पत्र्याखालच्या माळ्यावर आणि गॅसच्या बाजूला तर नकोच. बाहेर 45-46 अंश असताना पत्र्याखाली त्याहून जास्त तापतं आणि बंद पॉडमधलाही सुगंध लवकर उतरतो. जिथे तुमचा पाण्याचा माठ ठेवता त्या थंड खोलीत, भिंतीलगतच्या कपाटात ठेवा. अ‍ॅल्युमिनियमचे सीलबंद पॉड फ्रिजमध्येही राहतात. सुटी पूड मात्र डबा उघडला की ओल धरते.

थंड कॉफीसाठी दोन पॉड रिस्ट्रेटोवर, त्या गरम कॉफीतच साखर विरघळवा, मग 100 मिली थंड दूध. बर्फ वितळून कॉफी पातळ होते ही खरी अडचण आहे. त्यासाठी आदल्या रात्री दोन पॉडची काळी कॉफी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा आणि पाण्याच्या बर्फाऐवजी तेच तुकडे टाका. वितळतील तशी कॉफी आणखी कडक होत जाते.

आठ-दहा पाहुणे आले तर?

दहा जणांना एकेक कप काढत बसलात तर पहिल्याची थंड होते आणि शेवटचा ताटकळतो. थर्मास गरम पाण्याने खंगाळून घ्या, त्यात लहान बटणावर एकामागून एक पॉड काढत राहा, दर तीन-चार पॉडनंतर मशीनला मिनिटभर श्वास घेऊ द्या. दूध वेगळं तापवून ठेवा आणि कप भरताना मिसळा. टाकी अर्ध्या लिटरच्या आसपास असते, मधेच संपेल, लक्ष ठेवा. वरातीएवढे लोक असतील तर चहाच टाका.

इतकं करण्यापेक्षा स्टीलचा फिल्टर बरा नाही का?

घरात चार-पाच जण कॉफी पिणारे असतील तर होय, बरा आहे. स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरमध्ये 20-25 ग्रॅम पूड बसते, त्यातून उतरणारा अर्क पॉडपेक्षा दाट असतो, लाइन लागत नाही, आणि एका पॉडच्या पैशात दोन-तीन कप होतात. फक्त पंधरा-वीस मिनिटं वाट पाहावी लागते. मशीनचं मोल एकट्या-दुकट्या माणसाला आहे. म्हातारे आई-वडील दोघंच घरी, हात थरथरतात, गॅसजवळ उभं राहवत नाही, अशा घरात बटण दाबून मिळणारी कॉफी ही मोठी सोय आहे. त्यांच्यासाठी स्टीलचे पाच-सहा पॉड सकाळी एकदाच भरून डब्यात ठेवले, तर दिवसभर कोणाची वाट पाहावी लागत नाही.

रिकाम्या पॉडचं काय करायचं? ग्रामपंचायतीची गाडी तर येतच नाही.

उकिरड्यावर टाकू नका, जनावरं तोंड घालतात. अ‍ॅल्युमिनियमचा पॉड गार झाला की वरची पापुद्री सुरीने फाडा, चोथा बाहेर काढा, कॅप्सूल पाण्यात खंगाळून वाळवा आणि पायाने चपटा करून पोत्यात टाका. भंगारवाला इतर अ‍ॅल्युमिनियमसोबत घेतो, एकट्या पॉडचं वजन काहीच नसतं म्हणून पोतं भरेपर्यंत थांबावं लागतं. प्लास्टिकचे पॉड तो घेत नाही, विकत घेतानाच हे पाहा.

चोथा शेणखताच्या खड्ड्यात किंवा गांडूळखताच्या बेडवर पातळ पसरून टाका. कुंडीत थेट जाड थर दिला तर बुरशी धरते आणि पाणी खाली झिरपत नाही, म्हणून मातीत मिसळूनच द्या.